आवार साफ हाय

आर्णीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्याचं लग्न वाजतगाजत झालं, त्यानं घोडीवर चढताना देवरावचा खांदा गच्च धरलेला असतो. नवरदेव कितीही ऐटीत असो, रिकिबीत पाय टाकताना त्याचा चेहरा उतरतोच. देवराव दरवेळी तेच सांगतो, "घाबरू नका साहेब, तुमचं पहिलं लगन असन, घोडीचं दोनशेवं हाय."

पण देवरावचं लक्ष नवरदेवाकडे कधीच नसतं. ते असतं खाली, घोडीच्या चार पायांकडे. फटाक्याची पेटती नळी कुठं पडली, बँडवाल्यांची वायर कुठून गेली, कोणी बाटली फोडली का. बायको सत्यशीला म्हणायची, "आमच्या याईले माणसाचं तोंड ध्यानात राहत नाही, चप्पल राहते." त्यात तिळमात्र खोटं नव्हतं. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात देवराव माणसांना खालून वर बघत आला होता, आणि पुष्कळदा वरपर्यंत पोचायचाच नाही.

घराच्या मागे त्याचं घोडीचं आवार होतं. एका बाजूला टिनाचा कोठा, मधे मोकळी जागा, कडेला पाण्याचं टाकं आणि समोर लोखंडी फाटक. या आवाराचे नियम असे होते की घरातल्या माणसांना कोर्टाचे बरे वाटावेत. टोकदार वस्तू जमिनीवर ठेवायची नाही, भिंतीवर टांगायची. बादलीची कडी आत वळवून ठेवायची. दोरी पसरून सोडायची नाही. मुलगा रोशन ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून दोन-तीनदा घरी येणारा. पण त्यालाही स्वतःची मोटरसायकल आवारात उघडून बसायची सोय नव्हती, न जाणो एखादा स्क्रू घरंगळायचा. पावसाळ्यात खड्डा पडला की त्याच दिवशी मुरूम टाकून धुमसानं ठोकायचा. सत्यशीलाच्या बहिणीच्या कानातलं एकदा तिथं पडलं, तर देवरावनं अख्ख्या पाहुणेमंडळींना वाकून शोधायला लावलं. बिचारी म्हणाली, भाऊजींना माझ्या सोन्याची किती काळजी! काळजी सोन्याची नव्हती, त्याच्या टोकदार आकड्याची होती.

आणि सगळ्यात वरचा नियम त्याच्या आजाचा. आजाचं नाव उकंडा. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला, आणि दोन वर्षांनी माळेगावच्या जत्रेतून घोडी घेऊन आला. आपल्या वस्तीतल्या नवरदेवाला त्या काळी कोणी घोडी देत नव्हतं. "मागाले गेलो का नाही म्हणते. मंग मागाचं कायले? आपलीच ठेवू," असं म्हणून त्यानं घोडी दारात बांधली. पहिल्या वरातीला तो स्वतः पुढं चालला, अनवाणी. रस्त्यात कोणी मुद्दाम काचा टाकल्या असतील तर त्या आधी आपल्या पायात जाव्यात म्हणून. काचा होत्या, आणि त्या गेल्याही. पुढं तोच घरचा रिवाज झाला. सकाळी घोडी कोठ्यातून सोडायच्या आधी मालकानं अनवाणी आवाराची फेरी मारायची. एक पाऊलही न सोडता, टाच आणि चवडा पुरता टेकवत. जे आपल्याला टोचलं ते उचलायचं. काहीच टोचलं नाही तर मोठ्यानं म्हणायचं, "आवार साफ हाय." मग कडी काढायची.

रोशननं एकदा फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक आणून दोरीला बांधून दिलं. म्हणाला, "बावा, हे फिरवत जा." देवरावनं ते खुंटीला टांगलं. लोहचुंबकाला बाभळीचा काटा समजतो का? काच समजते? तळव्याला सगळं समजतं, असं त्याचं म्हणणं.

तरीही एकदा घात झालाच. सहा वर्षांपूर्वी देवराव तापानं पडला होता, आणि तेवढ्या तीन दिवसांत फेरी झाली नाही. मैना नावाच्या घोडीच्या खुरात पत्र्याचा खिळा गेला. वरून जखम दिसेना, आणि दिसली तेव्हा धनुर्वात झाला होता. मैना मान ताठ करून दोन दिवस उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी आडवी झाली. देवरावनं तिच्या शेजारी मातीत बसून सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माह्या आवारात आता पुन्यांदा कोण्या घोडीच्या पायातून रगत निंगालं, तर मी घोडी ठेवणार नाही. मले तो हक नाही." आणि देवराव बोललेला शब्द गिळणारा माणूस नाही, ही त्याची मोठी अडचण आहे.

मैनानंतर चांदणी आली. पांढरीफेक, कपाळावर करडा ठिपका, आणि स्वभावानं थोडी आगाऊ. देवराव तिला लेकीसारखा जपत होता, म्हणजे लेक असती तर तिनं कंटाळून पळ काढला असता इतका. दरवर्षी धनुर्वाताचं इंजेक्शन, रोज संध्याकाळी चारही खुरं उचलून लोखंडी आकड्यानं साफ, आणि महिना-सव्वा महिन्यानं जफरभाई नालबंद. सकाळची फेरी तर एकही दिवस चुकली नाही. त्याचं फळही त्याला दिसत होतं. गेल्या दोन वर्षांत फेरीत त्याला एक खडासुद्धा टोचला नव्हता. आधी दोन-चार दिवसांआड काहीतरी सापडायचंच. आता रोजच, "आवार साफ हाय." शेजारून कापसाच्या पऱ्हाटीच्या गाड्या जात, वेल्डिंगच्या दुकानातून पत्र्याचे तुकडे उडत, तरी आवार साफ. देवरावला वाटायचं, इतक्या वर्षांनी कुठं आपल्याला हे काम नीट जमायला लागलं.

यंदा होळी झाल्यावर, लग्नाचे दिवस तोंडावर आलेले असताना, एका सकाळी देवराव फेरी मारून चांदणीला सोडून आला आणि टाक्यापाशी थबकला. मातीत रक्ताचे थेंब होते. चार-पाच, वाटाण्याएवढे, ताजे. टाक्यापासून फाटकाकडं गेलेले.

त्यानं चांदणीला तिथंच धरली, एकेक पाय मांडीवर घेतला, खुराचा तळ खरडला, बोटानं दाबला. ती आरामात चिपाडं चघळत उभी. ना पाय ओढला, ना कान पाडले.

"रोशनची माय," त्यानं आत येऊन सांगितलं, "घोडीच्या पायातून रगत येऊन राह्यलं, अन् पायाले काई झालं नाही."

"मंग नसंन येत," सत्यशीला म्हणाली. ती आवारात कधी पाऊल टाकत नसे. लग्न होऊन आली त्या वर्षी देवरावच्या आजानं तिला दारातच सांगितलं होतं, बाई, तुह्या पैंजणाचा खिळा पडन. तेव्हापासून तिनं जी दाराशी रेघ ओढली ती ओढली. "मांजरीनं उंदीर खाल्ला असंन."

दुसऱ्या दिवशी मांजर नव्हतं, थेंब होते. तिसऱ्या दिवशी सत्यशीलानंच आरडाओरड केली. दाराशी पाय पुसायला टाकलेल्या पोत्यावर लालसर डाग होता. "घोडीचं रगत तुडवता अन् घरात आणता! पाय तरी धुवा!" देवराव पाय धूतच होता, दोन्ही पाय एकमेकांवर घासून, बादलीच्या पाण्यात, मन मात्र आवारात ठेवून. डाग बघून त्याची काळजी उलट वाढली. रक्त तुडवावं लागण्याइतकं येतंय, म्हणजे जखम खोल आहे.

त्यानं जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी चांदणीला चालवली, पळवली, खुरं चिमट्यानं दाबून पाहिली. म्हणाले, देवराव, घोडी तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं, पण देवराव जास्तच गोंधळला. ठणठणीत घोडीच्या पायातून रक्त कसं गळतं?

मग त्यानं आपली अक्कल चालवली. जुन्या धोतराचे पांढरे तुकडे फाडून संध्याकाळी चांदणीच्या चारही पायांना बांधले. सकाळी कोठ्यात गेला तर कापडं कोरी. शेणाचे डाग होते, रक्ताचा एक नाही. त्याला हायसं वाटलं. घोडी आत बांधलेलीच ठेवून त्यानं फेरी मारली, सावकाश, नेहमीपेक्षा जास्त दाबून. काही टोचलं नाही. "आवार साफ हाय," म्हणून वळला, आणि पाहतो तर मागं थेंब.

फेरीआधी जमीन त्यानं डोळ्यांनी पाहिली होती, थेंब नव्हते. घोडी आत होती. फाटक बंद होतं. आता थेंब होते. त्यानं वर पाहिलं. वर आभाळ होतं, आणि लिंबाच्या फांदीवर एक कावळा, जो बघून काही सांगणार नव्हता. मैना याच टाक्यापाशी पडली होती, हे त्याला आठवलं. एरवी तो असल्या गोष्टी मानणारा नव्हता. कोणी अंगारा-धुपारा काढला की आजाचं नाव घेऊन हाकलायचा. आता स्वतःशीच पुटपुटला, "मैने, तू होय का वं?" आणि आपलेच शब्द ऐकून त्याला स्वतःची लाज वाटली.

पुढचे दोन दिवस त्यानं धड जेवण केलं नाही. कधी वाटायचं आवारातच काही आहे, कधी वाटायचं आपलं डोकं गेलं. थेंब दिसतात ते खरे की आपल्यालाच दिसतात? त्यानं सत्यशीलाला दारातून दाखवले. तिलाही दिसले. तेवढाच दिलासा. शेवटी त्यानं फुलसावंगीला साडूला, पुंडलिकरावला, फोन लावला.

"चांदणीले घेऊन जा. तुमच्याकडं मोकळं रान हाय."

"काहून? लगनं तोंडावर आली अन्?"

"माह्या आवारात रगत निंगालं. कोठून निंगालं ते समजून नाही राह्यलं, पण निंगालं. मी बोललो होतो."

पुंडलिकरावानं समजवायचा प्रयत्न केला, पण देवरावला समजवणं म्हणजे टाक्याला समजवणं. गुरुवारी पिकअप गाडी पाठवतो, असं ठरलं. सत्यशीलानं त्या दिवशी चांदणीसाठी दोन भाकरी जास्त टाकल्या, आणि दारातूनच रेघेबाहेर हात लांब करून तिला भरवल्या.

बुधवारी सकाळी जफरभाई आले. गाडीच्या फळ्यांवर नालांनी पाय घसरतो म्हणून नाल काढून द्यायचे होते. जफरभाई वयानं देवरावच्याच जोडीचे, तीन पिढ्यांचे नालबंद. आता नालबंदी उरली कुठं. एरवी ते बसस्टँडजवळ पंक्चर काढतात. पण देवरावच्या घोडीसाठी हत्यारांची पेटी घेऊन येतात, आणि आले की आधी चहा, मग काम.

त्या दिवशी मात्र त्यांनी चहा खाली ठेवला आणि देवरावकडे बघत राहिले. देवराव फाटकाकडून टाक्याकडं चालत होता.

"देवरावभाऊ, लंगडून काहून राह्यले?"

"मी? मी कुठं लंगडतो? घोडीचं पाहा."

"घोडीचं मंग पाह्यतो. तसेच माघारी चाला जरा."

देवराव चालला. जफरभाई जनावराची चाल बघतात तसे एका डोळ्यानं बघत होते, मान तिरपी करून. "डावा टाकताना वजन चोरता तुम्ही. बसा इथं."

"चेष्टा कायले करता जफरभाई? माहं डोकं जाग्यावर नाही."

"डोकं राहू द्या, पाय द्या."

आणि जफरभाईंनी, चांदणीचा घेतात तसाच, देवरावचा डावा पाय उचलून दोन्ही गुडघ्यांत धरला. तळव्याची माती अंगठ्यानं पुसली. मग आकड्याचं पातं घेऊन टाचेजवळचं घट्ट कातडं हळूच खरवडलं. पेटीतून लहान पक्कड काढली.

"दुखते काय?"

"काय?"

"आता दुखते काय?"

"काय करून राह्यले तुम्ही? मले काई समजून नाही राह्यलं."

जफरभाईंनी पक्कड त्याच्या डोळ्यांसमोर धरली. पकडीत बोटाच्या पेराएवढा लोखंडाचा तुकडा होता, एका बाजूनं अणकुचीदार, रक्तानं काळा पडलेला. नाल ठोकल्यावर खिळ्याचं जे टोक खुराबाहेर येतं, ते पिरगाळून तोडतात, त्यातलं एक. ते तोडलेले तुकडे जफरभाई स्वतः मोजून देवरावच्या हातात देत, आणि देवराव पुन्हा मोजे.

"हे माह्याच हातचं हाय," जफरभाईंचा आवाज बारीक झाला. "मागच्या खेपेचं. मी चुकलो का तुम्ही, अल्ला जाणे. पण भाऊ, इतलं मोठं लोखंड पायात घालून तुम्ही आठ दिवस हिंडले, अन् तुमाले समजलं नाही?"

देवराव त्या तुकड्याकडं बघत होता. त्याच्या टाचेतून आता रक्ताची बारीक धार मातीत पडत होती, वाटाण्याएवढे थेंब, एकापुढं एक. कावळा, मांजर, मैना, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं आणि तरीही काही उलगडेना. "घोडीच्या पायात नव्हतं?" एवढंच त्यानं विचारलं.

"घोडीच्या नाही."

"नक्की?"

"अहो, तुमच्या पायातून काढलं ना आता!"

देवराव हसला. खरोखर मोकळं हसला. आठ दिवसांत पहिल्यांदा. तेव्हा दारात उभी असलेली सत्यशीला रडायला लागली, आणि तिचं काय बिघडलं हेही त्याला कळेना.

ते कळलं सरकारी दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, चांदणीला दरवर्षी देतात तसलंच धनुर्वाताचं इंजेक्शन त्याला दिलं, आणि मग त्याला डोळे मिटायला सांगितले. "मी टोचलं की सांगा, बाबा." देवराव डोळे मिटून वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "टोचा ना आता." बाईंचं टोचून झालं होतं. दोन्ही तळव्यांवर दहा-दहा ठिकाणी. शुगरनं पायांची जाणीव गेली आहे, त्या म्हणाल्या, ही आजची गोष्ट नाही, दीड-दोन वर्षं झाली असतील. कधी तपासली होती का?

तपासली होती. एका शिबिरात शुगर निघाली होती, गोळ्या मिळाल्या होत्या, त्या आठवण येईल तशा चालू होत्या. तिथल्या डॉक्टरांनी पाय जपा असंही सांगितलं होतं. देवराव तेव्हा म्हणाला होता, साहेब, जिंदगीभर पायच जपत आलो.

"वेळेवर आलात," बाई म्हणाल्या. "पाय राहील. पण आता अनवाणी चालायचं नाही. एक पाऊलही नाही."

घरी येताना ऑटोत दीड-दोन वर्षं हे शब्द देवरावच्या मनात फिरत होते आणि कुठंतरी जाऊन बसत नव्हते. फाटकापाशी उतरल्यावर ते बसले. दोन वर्षांत एक खडासुद्धा टोचला नाही. दोन वर्षांत आवार रोज साफ. तो फाटकाला धरून उभा राहिला. आत चांदणी त्याला बघून फुरफुरली.

"रोशनची माय," तो म्हणाला, "आवार साफ नव्हतंच."

सत्यशीलानं ऑटोवाल्याचे पैसे चुकते केले.

"दोन वर्स मी तिले रोज सांगून सोडली. साफ हाय, साफ हाय. वाचली ते तिचं नशीब, माहं काम नाही ते." त्यानं फाटक सोडलं. "पुंडलिकरावले सांग, गाडी येऊ दे उद्या. रगत माहं होतं म्हणून काय झालं? आता तर मी फेरीही नाही मारू शकत. घोडी कोणाच्या भरोशावर ठेवू?"

गुरुवारी सकाळी देवराव पायाला पट्टी, त्यावर मोठी प्लास्टिकची चप्पल, असा फाटकाजवळ, कोठ्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. गाडी फुलसावंगीहून निघाल्याचा फोन आला होता. कोठ्यात चांदणी कडी वाजवत होती. तिची सुटायची वेळ झाली होती, तिला गाडीबिडीशी कर्तव्य नव्हतं. देवरावला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. सत्यशीला बाहेर आली. तिनं लुगड्याचा काष्टा खोचला, पायातली जोडवी काढून ओट्यावर ठेवली, चप्पल काढली, आणि चाळीस वर्षांत जी रेघ ओलांडली नव्हती ती ओलांडून आवारात उतरली. हातात जेवणाचं जर्मनचं ताट होतं.

"तू काय करून राह्यली?"

"तुमाले दिसून नाही राह्यलं काय?"

ती भिंतीच्या कडेनं चालायला लागली. चुकीचं चालत होती, चवड्यावर. देवरावला राहवेना. "टाच टेकव. पुरा पाय टेकव."

तिनं टेकवला. "ओय!" ती एका पायावर उभी राहिली, वाकली, काहीतरी उचललं आणि ताटात टाकलं. ठण्ण वाजलं. चार पावलं गेली. "ओय माय!" पुन्हा ठण्ण. टाक्यापाशी पोचेपर्यंत ताटात धुळीत दबून राहिलेले बाभळीचे काटे होते, तारेचा वेढा होता, बाटलीच्या काचेचा तुकडा होता, पत्र्याची कातरण होती. देवराव एकेक आवाज ऐकत होता. प्रत्येक ठण्णला त्याचं काळीज हलत होतं, आणि प्रत्येक "ओय"ला त्याला असा हेवा वाटत होता की आयुष्यात कोणाच्या पैशाचा, जमिनीचा वाटला नव्हता.

"दुखलं काय?" त्यानं विचारलं.

"दुखणार नाही तर काय!" ती खेकसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "इतलं टोचते, अन् तुम्ही रोज..."

"दुखते ना, पण?"

"हो, दुखते!"

देवरावनं डोळे पुसले आणि खिशातून फोन काढला. पुंडलिकराव उचलेना, गाडीत असावा. त्यानं पुन्हा लावला. कोठ्यात चांदणीनं दाराला डोकं घासलं, कडी खळखळली. देवराव सवयीनं खुर्चीवरून अर्धा उठला आणि कडीकडं हात लांब केला.

आवाराच्या मधोमध, एका पायावर तोल सावरत, ताट छातीशी धरून सत्यशीला ओरडली, "थांबा! सोडू नका तिले! आवार साफ नाही हाय अजून!"